कोंडीचे पैसे कोणी भरायचे?

(शिरूर आणि दौंड परिसरातील कार्यकर्त्यांच्या शिरूर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी आज वाहतुकीवर बोलणार आहे असं कळल्यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "बेटा, विषय चांगला आहे, पण तो आपल्या चळवळीचा कसा?" मी फोनवर काही धड उत्तर देऊ शकलो नाही. आत्ता समोर बघतोय तर उत्तर इथेच बसलंय. पहिल्या दोन रांगांत टेम्पोवाले आहेत, गॅरेजवाले आहेत, हायवेला टायरची दुकानं चालवणारे आहेत. न्हावऱ्यावरून आलेल्या दौंडच्या मंडळींमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले दोन चाचा आहेत. मागे बसलेल्या मुलींपैकी निम्म्या रोज एसटीनं कॉलेजला जातात. या हॉलमधल्या जवळपास प्रत्येक घराची चूल रस्त्यावर नाहीतर रुळावर अवलंबून आहे. रस्ता कोणासाठी आहे आणि त्याची किंमत कोण चुकवतंय, हे विचारणं नागरिक म्हणून आपलं कामच आहे.

सुरुवात घरच्या गोष्टीनं करतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या अम्मीला पहाटे छातीत दुखायला लागलं. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब पुण्याला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स मिळाली, ऑक्सिजन होता, ड्रायव्हर हुशार होता. रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा करत आम्ही लोणीकंदपर्यंत पाऊण तासात पोचलो. तोवर साडेआठ वाजले होते. तिथून पुढचे पंधरा-सोळा किलोमीटर कापायला आम्हाला सव्वा तास लागला. वाघोलीत तर सायरन वाजतोय, लोक आरशात बघतायत, बाजूला व्हायची त्यांची इच्छाही आहे, पण बाजूला व्हायला जागाच नाही. अम्मी वाचली, अल्लाहची मेहरबानी. पण त्या सव्वा तासात मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी खिडकीतून गाड्या मोजत बसलो. अभियंत्याची वाईट खोड. बहुतेक मोटारींमध्ये एकच माणूस होता. एसी चालू, हातात फोन, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

ते ओळखपत्र माझ्याही गळ्यात असतं. मी खराडीला नोकरी करतो आणि त्या दिवसापर्यंत रोज शिरूरहून एकटा मोटारीनं जात होतो. म्हणजे इतर कुठल्याही सकाळी कोणाच्या तरी अम्मीची ॲम्ब्युलन्स माझ्या गाडीच्या मागे अडकलेली असणार. जाऊन-येऊन ११० किलोमीटर, सहा लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे सहाशेच्या वर रुपये रोजचे. हा खर्च मी भरत होतो, म्हणून मला वाटायचं की माझा हिशोब चुकता आहे. माझ्या गाडीमुळे मागच्यांचा जो वेळ जात होता, त्याचं बिल मात्र मला कधीच आलं नाही. ते मागचे भरत होते.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो, कंटाळू नका. आम्ही संगणकाचे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हरवर सत्तर टक्के भार असला तर काम सुरळीत चालतं. ऐंशी झाला तरी चालतं. पण नव्वदच्या पुढे गेला की प्रत्येक जादा विनंतीनं रांग दुपटीनं-तिपटीनं वाढायला लागते. रस्त्याचंही तसंच आहे. कोंडी सगळ्या गाड्यांमुळे होत असली तरी ती सोडवायला सगळ्या गाड्या हटवाव्या लागत नाहीत. शंभरातल्या दहा-पंधरा कमी झाल्या तरी रस्ता वाहायला लागतो. विश्वास बसत नसेल तर मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात जाऊन बघा. ऑफिसं चालू असतात, दुकानं उघडी असतात, फक्त शाळांची ये-जा थांबलेली असते आणि काही लोक गावी गेलेले असतात. तेवढ्यानं पुणं मोकळं होतं.

एरवी काय होतं? टॉमटॉम नावाची एक कंपनी जगातल्या शहरांचा वाहतुकीचा वेग मोजते. तिच्या २०२४ च्या यादीत पुणं सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. आपल्या पुढे होती कोलंबियातलं बारांकिया, कोलकाता आणि बंगळुरू.

मग या दहा-पंधरा गाड्या कमी कशा करायच्या? विनंत्या करून होत नाहीत, 'बस डे' साजरा करूनही होत नाहीत. विल्यम विक्री नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९५० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की गर्दीच्या वेळी, गर्दीच्या जागी रस्ता वापरायला वेगळी किंमत लावा. ज्याचं काम पुढे ढकलता येतं तो ढकलेल, ज्याला बसनं जाता येतं तो बसनं जाईल, ज्याला जायलाच हवं तो पैसे भरून लवकर पोचेल. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि त्यानंतर तीनच दिवसांत ते गेले. याला आपण कोंडी-शुल्क म्हणू.

सिंगापूरनं हे १९७५ मध्ये केलं. तेव्हा कॅमेरे नव्हते, संगणक नव्हते. मोटारवाल्यानं परवान्याचा कागद विकत घ्यायचा, काचेवर लावायचा, आणि शहराच्या मध्यभागात शिरताना कमानीखाली उभा असलेला कर्मचारी तो बघायचा. मोटारीत चार माणसं असली तर सुरुवातीला शुल्क माफ होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे कोणी म्हणेल की तंत्रज्ञान कुठे आहे. तंत्रज्ञान हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. फास्टॅग तर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचाच झालाय.

लंडननं १७ फेब्रुवारी २००३ ला सुरुवात केली, दिवसाला ५ पौंड. त्याच दिवशी शहरात सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या आणि जमा होणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा हे कायद्यानं बांधून घेतलं. पहिल्या काही वर्षांत आत येणाऱ्या गाड्या १८ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. पुढे कोंडी पुन्हा वाढली, हेही खरं आहे. रस्त्यांची खोदकामं वाढली, बस आणि सायकलींना जास्त जागा दिली गेली, आणि फोनवरून बोलावायच्या टॅक्सींना शुल्कातून सूट होती ती २०१९ पर्यंत तशीच राहिली. सूट दिली की त्या भोकातून पाणी गळतंच. न्यूयॉर्कनं जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलं, तेही आधी महिन्यांमागून महिने अडवून धरल्यावर.

पण आपल्या दृष्टीनं सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट स्टॉकहोमची आहे. तिथे जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग केला. शुल्क सुरू व्हायच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, १९७ नव्या बस आणि १६ नवे मार्ग सुरू झाले. आधी बस, मग पैसे. सीमा ओलांडणाऱ्या गाड्या २० टक्क्यांच्या घरात कमी झाल्या. जुलैअखेर शुल्क बंद केलं, तर गाड्या परत वाढल्या. सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं. प्रयोगाच्या आधी जे शहर विरोधात होतं, त्यानंच थोडक्या बहुमतानं होकार दिला आणि १ ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. पुढे संशोधकांनी हवा तपासली. प्रदूषण ५ ते १५ टक्क्यांनी कमी झालं होतं आणि लहान मुलांचे दम्याचे तीव्र झटके घटले होते. शिक्रापूरच्या चौकात दिवसभर हातगाडीवर केळी विकणाऱ्या बाईच्या छातीत काय जातं, याचा विचार करताना मला ही मुलं आठवतात. तिच्याकडे मोटार नाही, पण मोटारीचा धूर आहे.

आता या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. स्टॉकहोमच्या शेजारच्या काही नगरपालिकांनीही तेव्हा आपापलं मतदान घेतलं. तिथल्या लोकांनी नकार दिला. साहजिक आहे. शहरातल्या माणसाला स्वच्छ हवा आणि मोकळा रस्ता मिळणार, आणि बाहेरून येणाऱ्यानं पैसे भरायचे. मित्रहो, स्टॉकहोमच्या त्या शेजारच्या गावांच्या जागी शिरूर आणि दौंड ठेवून बघा. उद्या पुण्यानं कोंडी-शुल्क आणलं तर आपण कुठल्या बाजूला असणार?

मला विचाराल तर सरळ नकार देणं हा आळशीपणा होईल, आणि डोळे मिटून होकार देणं हा भोळेपणा होईल.

डोळे मिटून होकार का नाही, हे समजायला महाराष्ट्रात काय चाललंय ते बघा. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडच्या दोन नाक्यांवर, मोटारीला ४५ रुपये टोल होता. तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला लावलेला होता, कोंडी कमी करायला नाही, हे मान्य. पण शहरात शिरताना मोटारवाल्यानं काही द्यायचं, ही व्यवस्था तरी होती. १४ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, हलक्या वाहनांना तो माफ झाला. पेढे वाटले गेले. त्यानंतर साडेतीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. १ जूनपासून पुण्यात पीएमपीचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. मोटारवाल्याला सूट आणि बसवाल्याला वाढ, दोन्ही एकाच वर्षाच्या आत. हे कोणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. मोटारवाल्याचा आवाज मंत्रालयात पोचतो आणि आपल्या मागच्या रांगेतल्या मुलींचा पोचत नाही, एवढंच. (महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ती चांगलीच गोष्ट झाली. पण अर्धं झालं तरी ते वाढलेल्याचं अर्धं.)

पुण्याचं बघा. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी उभी करायची तर पैसे द्यायचे, सुरुवात पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. एवढा गदारोळ झाला की अंमलबजावणी रखडली ती रखडलीच. हेसुद्धा कोंडी-शुल्काचंच धाकटं भावंड होतं. सार्वजनिक रस्त्याची पंधरा-वीस चौरस मीटर जागा दिवसभर फुकट वापरायची सवय लागलेल्यांना तासाचे काही रुपये द्यायला सांगितले, तर तो अन्याय ठरला. आणि त्याच रस्त्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या भाजीवालीला मात्र अतिक्रमणविरोधी पथक उचलून नेतं.

आणि आपला नगर रस्ता! तिथे २०१६ मध्ये बीआरटी सुरू झाली, बससाठी वेगळी मार्गिका. तिच्यात उणिवा होत्या, रस्ता ओलांडताना लोकांचे हाल व्हायचे, मी स्वतः अनेकदा वैतागलोय. पण दुरुस्ती करायची सोडून २०२३-२४ मध्ये ती टप्प्याटप्प्यानं उखडून टाकली. कारण काय दिलं? वाहतूक सुरळीत व्हावी. म्हणजे पन्नास माणसांच्या बसची जागा काढली आणि एकेका माणसाच्या मोटारींना दिली. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात केंद्र सरकारनं स्वतः लिहिलंय की वाहनं हलवायची नाहीत, माणसं हलवायची. ते कागद कोणी उघडून बघतं की नाही कोण जाणे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आज शिरूर आणि दौंडची मंडळी एका हॉलमध्ये बसली आहेत म्हणून हा विषय मला इथेच मांडायचा होता.

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याचे. दोन्ही पुण्यापासून साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या आत. दोन्हीकडे एमआयडीसी, तिकडे कुरकुंभ, इकडे रांजणगाव. दोन्हीकडच्या माणसाला कोर्ट, कलेक्टर कचेरी, ससून, विद्यापीठ, सगळ्यासाठी पुणंच गाठावं लागतं. समजा, पुण्यानं मध्यवर्ती भागात सकाळी आठ ते रात्री आठ शिरणाऱ्या मोटारीला १०० रुपये लावले. हा आकडा मी उदाहरणादाखल घेतोय, कोणी जाहीर केलेला नाही. कागदावर दोघांना सारखाच नियम. पण दौंडचा माणूस काय करेल? तो स्टेशनवर जाईल. मार्च २०१७ पासून दौंड–पुणे डेमू आहे, लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, महिन्याचा पास आहे. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी, हडपसर करत पुणे स्टेशनवर उतरला की ससून आणि कलेक्टर कचेरी चालत जायच्या अंतरावर. त्याच्याकडे पर्याय आहे. तरी त्यानं मोटार काढली तर ती त्याची निवड आहे, आणि निवडीची किंमत मागणं मला योग्य वाटतं.

शिरूरचा माणूस काय करेल? शिरूरला रेल्वे नाही. आपल्याला एकच रस्ता आहे. त्या रस्त्यावर एसटी आणि मोटार एकाच कोंडीत, एकाच वेगानं सरकतात. बसमध्ये बसल्यानं त्याचे दहा मिनिटंसुद्धा वाचत नाहीत, उलट उभं राहायला लागतं. त्याच्याकडून १०० रुपये घेतले तर तो मोटार सोडणार नाही, तो फक्त १०० रुपयांनी गरीब होईल. त्याच्यासाठी ते शुल्क राहत नाही, दंड होतो. रस्ता एकच असल्याचा दंड.

नियम सारखा असला म्हणून न्याय सारखा होत नाही, हे आपल्या चळवळीला वेगळं सांगायला नको.

दौंडच्या मंडळींनी लगेच खूश होऊ नये. तुमच्याकडे रुळ आहेत, पण गाड्या किती आहेत? संध्याकाळची एक चुकली की पुणे स्टेशनवर किती वेळ बसावं लागतं, हे मघाशी चहाला एका आपांनी मला सांगितलं. त्या हडपसरच्या एका रुग्णालयात नर्स आहेत. त्यांची पाळी रात्री दहाला संपते. दहानंतर पॅसेंजर नाही, म्हणून त्यांचे शौहर मोटारसायकलवर दौंडहून हडपसरला येतात आणि रात्री सोलापूर रस्त्यानं परत जातात. पर्याय आहे असं म्हणताना तो कोणाच्या वेळेला आहे, हेही बघावं लागतं. रेल्वेचं वेळापत्रक ऑफिसच्या साहेबाला सोयीचं असेल, पाळीच्या कामगाराला ते नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मध्यवर्ती पुण्यात शुल्क लावलं म्हणून वाघोलीची कोंडी सुटणार नाही. वाघोली, खराडी, तिकडे हडपसर, हे सगळं त्या सीमेच्या बाहेर राहील. माझ्यासारखा खराडीत नोकरी करणारा सीमेच्या आतच जाणार नाही, तो एक रुपया न भरता रस्ता अडवत राहील. म्हणून पुण्यासाठी नुसती शहराच्या पोटाभोवती रेघ ओढून भागणार नाही. आयटी पार्कच्या वाहनतळांवर शुल्क लावायचं का, कंपन्यांनी फुकट पार्किंग देण्याऐवजी तेवढे पैसे बसनं येणाऱ्या कर्मचाऱ्याला द्यायचे का, हे प्रश्नही त्यातच येतात. माझ्या कंपनीतल्या मित्रांना हे आवडणार नाही. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी याआधीच नावडता झालोय.

आता तुमच्या शंका. इथे येण्याआधी मी चौकातल्या दोन-तीन टपऱ्यांवर बसून विषय काढला होता, त्यामुळे त्या मला ठाऊक आहेत.

पहिली शंका अब्बांचीच. माझे अब्बा पंचवीस वर्षं टेम्पो चालवत होते. इथला कांदा, डाळिंब, तरकारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायचे. ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा जकात नाकाच की!" ज्यांनी जकात नाक्यावर रात्री काढल्यात त्यांना तो शब्द ऐकूनच घाम फुटतो. रांग, पावती, पावतीवरचा आकडा आणि हातात ठेवायचा आकडा, दोन वेगळे. २०१३ मध्ये पुण्याची जकात गेली तेव्हा अब्बांनी घरी शिरखुर्मा करायला लावला होता, ईद नसताना. त्यांची भीती खरी आहे. पण शुल्क वेळेला बांधलेलं असेल तर तरकारीचा टेम्पो त्यात सापडतच नाही. तो रात्रीच यार्डात पोचलेला असतो, पहाटे लिलाव होतो, आणि शहर जागं व्हायच्या आत तो परतीच्या वाटेला लागतो. लंडनमध्येही रात्री पैसे घेत नाहीत. आणि माणसाच्या हातात पैसे द्यायची वेळच येता कामा नये, ही अट आपण घालू शकतो. नाका नको, रांग नको, हवालदार नको.

दुसरी शंका एका गॅरेजवाल्या मित्राची: श्रीमंताला १०० रुपये काहीच नाहीत, तो भरेल आणि मोकळ्या रस्त्यानं जाईल, मरण गरिबाचं. याचं उत्तर असं आहे की गरीब मोटारीतून जातच नाही. तो बसमध्ये असतो, आणि मोटारी कमी झाल्या तर सगळ्यात जास्त फायदा बसमधल्या माणसाचा होतो, त्यानं एक पैसा न भरता. अडचण येते ती मधल्या माणसाची. ज्यानं कर्ज काढून जुनी गाडी घेतली, आठ जण भरून वडाप चालवतो, किंवा आजारी आईला घेऊन निघालाय. म्हणून सिंगापूरची ती चार माणसांची गोष्ट लक्षात ठेवा. भरलेल्या गाडीला माफी, ॲम्ब्युलन्सला माफी, अपंगांच्या गाडीला माफी. दुचाकीचं काय करायचं, यावर माझं मत अजून पक्कं नाही. पुणं दुचाकींचं शहर आहे. त्यांना सोडलं तर लोक मोटार ठेवून दुचाकी काढतील, धूर कायम राहील. त्यांना धरलं तर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय येईल. लंडन आणि स्टॉकहोमनं सोडलं, न्यूयॉर्कनं धरलं.

तिसरी शंका कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण एका तरुणानं मला बाजूला घेऊन विचारली. कॅमेरा प्रत्येक गाडीचा नंबर टिपणार, म्हणजे कोण किती वाजता कुठे गेलं याची नोंद सरकारकडे राहणार. ती कोण बघणार? हा प्रश्न सर्वांचा आहे, पण आपल्या वस्तीतल्या पोरांना तो आधी सुचतो, आणि का सुचतो हे आपल्याला माहीत आहे. अशा यंत्रणा बनवण्यात माझं आयुष्य जातंय, म्हणून जबाबदारीनं सांगतो: पैसे वसूल करायला कोण कुठे गेलं हे साठवून ठेवायची गरज नसते. नंबर वाचला, पैसे वळते झाले, तक्रारीची मुदत संपली, नोंद पुसली, असं करता येतं. फास्टॅगमधून थेट रक्कम कापली तर प्रत्येकाचा फोटो काढायचीही गरज पडत नाही. अवघड काहीच नाही. नोंद पुसायची नाही असं कोणी ठरवलं तरच ती राहते. म्हणून मुदत नियमातच लिहून घ्यायची, 'नंतर बघू' यावर सोडायची नाही.

चौथी शंका माझी स्वतःची, आणि ती सगळ्यात मोठी आहे. पैसा जाणार कुठे? दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१५ च्या नोव्हेंबरपासून शहरात शिरणाऱ्या ट्रककडून पर्यावरण भरपाई शुल्क घेतात, सुरुवातीला छोट्याला ७०० आणि मोठ्याला १३०० रुपये. जमा झालेल्या रकमेतला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं खर्चच झाला नाही, अशा बातम्या येत राहिल्या. स्टॉकहोममध्येसुद्धा सरकार बदललं आणि पैसा नव्या रस्त्यांकडे वळला. पुण्यात आलेला पैसा एखाद्या उड्डाणपुलात मुरला, तर शिरूरच्या माणसानं तो का भरायचा? आपल्या रस्त्यावर उन्नत मार्गाची घोषणा झालेली आहे, रामवाडीची मेट्रो वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. होतील तेव्हा होतील. पण बस घ्यायला चार वर्षं लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, पटलं तर घ्या. शिरूर-दौंडनं कोंडी-शुल्काला विरोध करू नये. आपला होकार विकत मागावा. किंमत आधी ठरवावी. शिरूरहून पुण्यापर्यंत सकाळी दर दहा मिनिटांनी बस आणि वाघोलीपासून पुढे तिला स्वतःची मार्गिका. दौंडच्या मार्गावर पहाटे आणि रात्री दहानंतरची गाडी. हे सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी शुल्क. आणि जमा झालेल्या पैशातला आपला वाटा पुणे महानगर प्रदेशातल्या तालुक्यांच्या बसवर खर्च झाला की नाही, याचा हिशोब दरवर्षी मराठीत जाहीर व्हावा. शुल्काची वेळ आली की पुण्याचे नगरसेवक आपल्याला विचारणार नाहीत. आपण त्यांचे मतदार नाही. त्यामुळे त्याच्या आधीच आपला कागद तयार हवा.

कागदासाठी आकडे लागतात, आणि आपल्याकडे आज एकही आकडा नाही. शिरूर स्टँडवरून सकाळी सहा ते दहा पुण्याकडे किती एसटी सुटतात हे वेळापत्रकात मिळेल, पण किती प्रत्यक्षात सुटतात, किती माणसं चढू न शकल्यानं मागे राहतात, वाघोली ओलांडायला किती मिनिटं लागतात, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. दौंड स्टेशनवर रात्रीच्या गाडीअभावी किती बायका-पुरुष मोटारसायकलवर येतात तेही नाही. हे काम आपण चौदा दिवस करू. कॉलेजच्या मुली रोज बसमध्ये असतातच, त्यांनी बसचा नंबर, सुटायची वेळ आणि वाघोली ओलांडल्याची वेळ लिहायची. टायरच्या दुकानवाल्या भाईंनी सकाळी एक तास मोटारी मोजायच्या, आत माणसं किती ते बघून. ॲप बनवायचं का, असं मला दोघांनी विचारलं. मी ॲप बनवूनच पोट भरतो, तरी नको म्हणतोय. बॅटरी संपते, नेट जातं, आणि चार दिवसांनी कोणी उघडत नाही.

दोनशे पानी वह्या आणल्या आहेत, रकाने आखलेले आहेत. दौंडच्या वीस वह्या दारापाशी निळ्या पिशवीत आहेत, शिरूरच्या मागच्या टेबलावर. पेन मात्र ज्यानं त्यानं आपलं आणायचं. येत्या सोमवारी सकाळी सहाला मी स्टँडवर आहे, नगरहून येणाऱ्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करू.